चौथी रॅकेट

तिसरी रॅकेटही घड्याळजींनी काउंटरवर आणून ठेवली आणि मान हलवली. "नको."

"अहो काका, हिने तुम्ही मारलात इतका सरळ बॉल आज सकाळपासून कुणी मारला नाही माझ्या भिंतीवर," दुकानवाली म्हणाली.

तिचं दुकान टेनिस कोर्टाला लागून होतं. मागच्या मोकळ्या जागेत सरावाची भिंत होती. गिऱ्हाइकाने चार फटके मारून बघितल्याशिवाय रॅकेट विकायची नाही, हा तिचा नियम. तिचे हात रॅकेटला गट, म्हणजे जाळीचे धागे, ताणून बसवायच्या यंत्रावर असायचे आणि कान भिंतीकडे. नुसत्या आवाजावरून तिला कळायचं, रॅकेट माणसाला मानवली की नाही.

ही मानवली होती. घड्याळजींनाही ते कळलं होतं आणि तीच तर अडचण होती. पहिल्या रॅकेटचा चेंडू भिंतीवरून उसळून त्यांच्या डोक्यावरून थेट दुकानात शिरला होता. दुसरी तिच्याहून दांडगी. तिसरीने तर कहर केला. आता पाच-सहा फटके हुकले होते म्हणा, पण तो दोष रॅकेटचा नव्हता. ऊन डोळ्यांवर येत होतं, असं घड्याळजी म्हणाले. दुकानवालीने दारातून वर बघितलं. आभाळ भरून आलं होतं.

"तुम्हाला नेमकी हवी तरी कशी?"

घड्याळजींनी आजूबाजूला कुणी नाही ना ते बघून घेतलं. "जिच्यातून बॉल हळू जाईल अशी."

दुकानवालीचे हात थांबले. "हळू?"

"आमच्या व्याह्यांपायी," ते म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

अकरा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी एका पोस्टमनच्या घरी पडली. दोन्ही व्याही अबोल. एकाचा जन्म घड्याळांच्या पोटात डोकं घालण्यात गेला, दुसऱ्याचा सायकलवर. समोरासमोर बसले की हवापाण्यावर दोन वाक्यं व्हायची आणि मग चहा निवत राहायचा. एकदा सहज कळलं, की दोघंही तरुणपणी टेनिस खेळायचे. तेव्हापासून एक रविवार चुकला नव्हता. कोर्टावर दोघं जेवढं बोलत, तेवढं घरी बायकांशीही बोलत नसत. मानपान, रुसवेफुगवे, पोरांची भांडणं, सगळं तिथे नेटपाशी उभ्या उभ्या मिटायचं.

"पण आता त्यांचा गुडघा गेलाय," घड्याळजी म्हणाले. "पस्तीस वर्षं सायकल मारली, लोकांचे जिने चढले, झिजणारच. हल्ली खेळ लांबतच नाही. दोन फटके झाले की पॉइंट संपला. गेल्या रविवारी तर अर्ध्यातच म्हणाले, आज एवढं पुरे. उद्या म्हणतील, खेळच पुरे. मग आम्ही दोघांनी काय करायचं, एकमेकांची तोंडं बघत बसायचं?"

"मग तुम्हीच जरा हळू मारा ना."

"मारून बघितलं. एक पॉइंट मुद्दाम सोडला. त्यांच्या लगेच लक्षात आलं. पंधरा दिवस बोलले नाहीत, आणि मधल्या मध्ये मुलगी हैराण. म्हणून म्हणतो, हे काम रॅकेटनेच केलेलं बरं. माझ्यावर आळ नको."

दुकानवालीने वाकून खालच्या फळीवरून चौथी रॅकेट काढली. जुन्या धाटणीची, छोट्या डोक्याची, पातळ फ्रेमची.

"हिच्यात आयता जोर नाही. वर गट चांगले ताणून दिलेत, म्हणजे उसळीही कमी. तुम्ही जीव खाऊन मारा, बॉल आपला रमतगमत जाईल. फक्त खांदा दुखेल."

"दुखू दे."

घड्याळजी भिंतीपाशी गेले. या वेळी आवाज वेगळा आला, उशीवर थाप मारल्यासारखा. चेंडू सावकाश गेला, सावकाश परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. त्यांनी वीस मारले, तीस मारले. गंमत म्हणजे त्यातला एकही हुकला नाही. कपाळावरचा घाम पुसत ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता.

"याला म्हणतात रॅकेट," ते म्हणाले. मुठीवरचं लेबल त्यांनी जवळ धरून बघितलं, मग हात लांब करून बघितलं. "हल्ली अक्षरं फार बारीक छापतात."

दुकानवालीने लेबल वाचून दाखवलं आणि रॅकेट खोळीत घातली.

"एक विनंती आहे, ताई. आमचे व्याही कधी इकडे आले तर यातलं काही बोलू नका. गुडघ्याचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही."

खोळीची चेन अर्ध्यात थांबली. दुकानवालीने थोडा विचार केला.

"काका, या रॅकेटची जोडी आली होती. दुसरी मंगळवारी गेली. गटही असेच ताणून घेतले."

"अरे वा. कुणी घेतली?"

"एका रिटायर्ड पोस्टमननी," ती म्हणाली. "आणि जाताना मला बजावून गेले, आमच्या व्याह्यांना कळू देऊ नका, त्यांना हल्ली बॉल दिसत नाही, पण पडले घड्याळजी, डोळ्यांचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही."