दुसऱ्या वर्गाची कीड

दंतवैद्यकाच्या शेवटच्या परीक्षेला जोलीनला एक रुग्ण स्वतःच शोधून न्यायचा होता, आणि त्याची कीड दुसऱ्या वर्गाची, म्हणजे दोन दाढांच्या मधल्या फटीतलीच हवी होती. चार वर्षं तिने अख्ख्या ओमाहा शहराला "फटीत दोरा फिरवा" म्हणून दटावलं होतं. आता लोकांनी खरंच ऐकलेलं पाहून तिचं डोकं फिरत होतं. शेजारणीची कीड निघाली दाढेच्या माथ्यावर, म्हणजे पहिल्या वर्गाची. चर्चच्या पाद्रीसाहेबांची पुढच्या दातांच्या मध्ये, तिसऱ्या वर्गाची. वडिलांची तर हिरडीलगत.

"बाबा, ही पाचव्या वर्गाची. काही उपयोगाची नाही."

"साठ वर्षं सांभाळलेत हे दात," वडील उखडले, "आणि तू घरबसल्या नापास करतेस होय?"

परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गमित्र वेंडल रडवेला होऊन आला. त्याच्या रुग्णाने ऐनवेळी टांग दिली होती.

"जोलीन, आता तूच आ कर बघू. सगळे उपाय संपलेत."

त्याने तिच्या दाढांचा एक्स-रे काढला आणि तो आनंदाने किंचाळलाच, "अगं, दुसरा वर्ग! अगदी पुस्तकातल्यासारखा! उद्या बसशील ना माझ्या खुर्चीत?"



दुसऱ्या दिवशी वेंडल पास झाला, आणि रुग्ण नाही म्हणून नापास झालेल्या जोलीनच्या दाढेचं परीक्षकांनी तोंडभरून कौतुक केलं.