फुटलेलं हेल्मेट

"आधी तुम्ही घालून दाखवा, स्वामी साहेब," असं म्हणत अक्षराने नवं हेल्मेट मृत्युंजयच्या हातात दिलं.

ते चांगलंच जड होतं. त्याने डोक्यावर चढवलं, पट्टा आवळला आणि नजर खाली घातली. समोर गवंडी, बिगारी मिळून तीसेक जण बसले होते. अगदी पुढे सरजाबाई होती. तिच्या नजरेला नजर द्यायचं तो चार महिने टाळत आला होता.

चार महिन्यांपूर्वी याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून वीट सुटली आणि खाली माल कालवणारा ग्यानोबा जागीच गेला. सरजाबाईचा नवरा. पंचनाम्यात त्याचं पिवळं हेल्मेट माथ्यावर फुटलेलं सापडलं. मजुराला हेल्मेट दिलं होतं, तेच कच्चं निघालं, असं कागदावर आलं. खाली साइट सुपरवायझर मृत्युंजयची सही होती. जुनी टोळी त्याच आठवड्यात काम सोडून गेली. आताचे सगळे नवे होते.

अक्षरा नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. बातमी वाचून ती साइटवर आली होती आणि ते फुटकं हेल्मेट मागून घेऊन गेली होती. आज ती नव्या नमुन्याची दोन हेल्मेटं घेऊन आली होती, आणि लोहा गावाहून सरजाबाईलाही तिनेच बोलावून घेतलं होतं.

"मॅडम, ह्ये लई जड हाय," शिवप्पा गवंडी दुसरं हेल्मेट घालून बघत म्हणाला. "नांदेडच्या उन्हात मान धरंल. दोन दिसांत समदे काढून ठिवतील बघा."

"जड आहे, मान्य," अक्षरा म्हणाली. "पण करू काय? तेवढ्याच उंचीवरून विटा टाकून मी पन्नास साधी हेल्मेटं तपासली. एकही असं फुटलं नाही. ग्यानोबांचं मात्र फुटलं. मग माथा जाड करत गेले."

"सस्ता माल असंल," शिवप्पा म्हणाला.

सगळ्यांनी मृत्युंजयकडे बघितलं. खरेदी त्याच्याच हातची होती. त्याचे कान तापले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरजाबाई उठली. "सायेबांस्नी काय म्हणू नका, बाबा. मालक गेल्यावर सगळ्यात आधी हेच आले आमच्या दारी. पोरासारखे रडले. ती फुटकी टोपी यांनीच जपून ठिवली, म्हणून मॅडमला दुसरी करता आली." तिने पदर सावरला आणि शिवप्पाच्या हातातलं हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. वजनाने तिची मान किंचित कलली. "जड असली तर असू द्या. घाला रे सगळ्यांनी. माझ्या मालकाचं जाणं वाया जाऊ देऊ नका."

शिवप्पा ओशाळला. "घालू की, मावशी," तो पुटपुटला.

मृत्युंजयने पट्टा सोडला. हेल्मेट काढून दोन्ही हातांत धरलं.

"मॅडम, हे हलकं करा."

"कसं करू? माथ्यावरचा तो घाव बघितलात ना?"

"तो घाव विटेचा न्हाई." तो म्हणाला. "पहारीचा हाय. ग्यानोबाला उचलून नेल्यावर मी घातलेला."

अक्षराने हातातले कागद हळूच खाली ठेवले.

सरजाबाईला उमगायला वेळ लागला. "मंग त्यांच्या डोक्याला काय व्हतं, सायेब?"

"रुमाल," मृत्युंजय म्हणाला. "टोप्या तपासणी आली की तेवढ्यापुरत्या वाटायचो. त्या दिवशी त्या कपाटात कुलपात होत्या, सरजाबाई. ग्यानोबा सकाळी मागायला आला होता. मी न्हाई म्हटलं."