झोप न येणारी गोळी

फकिराच्या अंगावर पुन्हा पित्ताच्या गांधी उठल्या होत्या. साळूबाई नवऱ्याला शहरात, गारखेड्यातल्या मेडिकलवर घेऊन आली. दुकानातल्या पोरीनं काचेवर गोळ्यांची दोन पाकिटं ठेवली. “बाबा, ह्या गोळीनं झोप येते, दुसरीनं सहसा येत नाही. कोणती देऊ?” गावी पाचोडला बागेत फवारणीनंतर गांधी उठल्या की तो बिनझोपेचीच घ्यायचा. आताही त्यानं सवयीनं तेच पाकीट उचललं. “हीच दे, माय. पाण्याचा टँकर कधीबी येतो. मला डुलकी लागली तर मोसंबी वाळून जाईल.” “इथं कुठली मोसंबी, बाबा?” पोरगी हसली. साळूबाईला हसू आलं नाही. टँकरही मिळेना तेव्हा फकिरानं स्वतःच्या हातानं बाग तोडली होती, मगच दोघं पोराकडं शहरात आली. “अहो,” ती हळूच म्हणाली, “आता कुणासाठी जागायचं?” त्यानं हातातलं पाकीट काचेवर परत ठेवलं. “मग झोप येणारीच दे, माय.”