शालनचा फोटो

परदेशात माणसांचे फोटो काढून नाव कमावलेली संयोगिता पेठ वडगावला बालमैत्रिणीकडं आली होती. शालन गोठ्यामागं शेणी थापत होती, हातांवर कोवळं ऊन पडलं होतं. "अशीच थांब," म्हणत संयोगितानं कॅमेरा काढेपर्यंत शालन उठलीसुद्धा. हात धुऊन, ठेवणीतली इरकल नेसून, नथ घालून आली. संयोगिताचा चेहरा पडला. "मघासारखीच बस की गं. तेच खरं होतं." "तुझ्या तिकडच्या मैत्रिणींचे फोटो बघितल्यात मी. सगळ्या न्हाऊन, केस विंचरून बसलेल्या. त्यांना म्हणालीस काय, भांडी घासत बसा म्हणून?" कॅमेरा खाली घेऊन संयोगितानं विचारलं, "कसा काढू, तूच सांग." "उभ्यानं काढ," शालन पदर सावरत म्हणाली, "पायांसकट. दर रविवारी अनवाणी जोतिबाला चालत जातीया मी." निऱ्या किंचित उचलून तिनं भेगाळलेले पाय उजेडात ठेवले.