बाटलीवरच्या पट्ट्या

टक.

सुई प्लॅस्टिकवर आपटली. मुलीने लॅपटॉपवरून मान वर केली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आई बसली होती. पुढ्यात जुनं वर्तमानपत्र, त्यावर प्रिंटरचं काळं कार्ट्रिज, हातात शाईने भरलेली सिरिंज.

"लागली का गं, आई?"

"त्याला लागली. ते रडत नाही."

टक.

स्क्रीनवर आईचा अर्ज उघडाच होता. नोकरीत दोन वर्षांची मुदतवाढ मिळावी म्हणून. आजची शेवटची तारीख, हॉस्पिटलचं ऑफिस पाचला बंद होणार, आणि चार वाजून पाच मिनिटं झाली होती. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला आज सुट्टी. तो उघडा असता तरी आई गेली नसती. नवजात बाळांच्या वॉर्डात तीस वर्षं सुई धरलेल्या बाईने शाई भरायला दुसऱ्याच्या दारात जायचं, हे तिला पटणारं नव्हतं.

"झालं का?" बाहेरच्या खोलीतून बाबांनी विचारलं. "तिकडे बाळाला पत्ता लागत नाही कधी टोचलं, आणि इथे अर्धा तास?"

"अहो, बाळाची कातडी मऊ असते. हे निबर आहे."

आईने हे नेहमीच्या सुरात म्हटलं, पण चेहरा हसला नाही.

सुई एकदाची आत गेली. दट्ट्या दाबताच शाई भोकातून वर आली आणि कडेने ओघळून वर्तमानपत्रावर पसरली. मुलगी उठून जवळ आली. हळू भरलं की आतला स्पंज शाई पितो, घाई केली की ओकतो, हे तिला आईनेच शिकवलं होतं.

"दे इकडे. आधी पट्टी काढते."

"राहू दे, मी काढते."

"आई, पाऊण तास उरलाय."

आईने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. दुसरा हात त्यावर.

भरण्याच्या भोकावर चिकटपट्टी असायची. आई ती काढून शाई भरत नसे. इंजेक्शनच्या बाटलीच्या रबरी बुचातून सुई घालावी तशी पट्टीतूनच घालायची. मग टोचलेली पट्टी काढून नवी लावायची, आणि जुनीवर तारीख लिहून ती शाईच्या बाटलीवर चिकटवायची. किती वेळा भरलं याचा हिशोब राहतो म्हणे. वॉर्डातली सवय.

मुलीने आजची पट्टी नखाने सोडवली आणि उजेडात धरली. टोचलेल्या जागी शाई साचून काळे ठिपके झाले होते. सहा ठिपके. भोकावर एकच, बाकीचे त्याच्या भोवती.

ती चिकटवायला तिने बाटली उचलली. खालून वर एकेक पट्टी, प्रत्येकीवर तारीख. सगळ्यात वरच्या पट्टीवर चार ठिपके. तिच्या खालच्या पट्टीवर दोन. बाटली तिच्या हातात तशीच राहिली.

"वरून काय वाचतेस," आई म्हणाली. "खालून वाच. खालच्या पाचही एकेका ठिपक्याच्या आहेत."

मुलीने खालून वाचलं. होत्या.

तिने बाटली टेबलावर ठेवली. "आणि वॉर्डात?"

"वॉर्डात चार महिन्यांत सुई धरलेली नाही. ती नवी सिस्टर टोचते. मी बाळ धरते." आई कापसाने बोटं पुसत होती, पुसून झालेली बोटंसुद्धा. "धरायलाही कुणीतरी लागतंच."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"आधी शाई भर. उजव्या हाताने सिरिंज, डाव्याने आधार. सुई सरळ. आत गेली की थांब, लगेच दाबू नकोस."

मुलीने श्वास रोखला. सुई आत गेली.

"श्वास घे. तो बंद केला की हात कडक होतो. आता एक थेंब. थांब. आणखी एक."

स्पंजने शाई प्यायली. कार्ट्रिज बसलं. प्रिंटर कुरकुरला आणि तपासणीचा कागद बाहेर आला. त्यावरच्या बारीक रेघा सरळ होत्या, एकही तुटलेली नव्हती. त्यामागून अर्ज आला. चार वाजून पस्तीस मिनिटं.

आईने चष्मा लावला. नाव, पद, वॉर्ड असे रकाने छापूनच आले होते. खाली चौथ्या क्रमांकाला लिहिलं होतं: हाताच्या कामात अडथळा येईल असा विकार आहे / नाही. लागू नसलेला शब्द खोडावा.

"आहे म्हटलं की रेकॉर्डरूममध्ये बसवतील," आई म्हणाली. "तिथे काय, फायलींना टोचू?"

मुलीने पेन तिच्यापुढे सरकवलं.

आईने पेन उचललं. पेनाचं टोक कागदावर टेकायच्या आधीच हलायला लागलं. तिने ते मागे घेतलं.

"धर गं," ती म्हणाली.

मुलीने दोन्ही हातांनी कागद टेबलावर दाबून धरला. आईने 'नाही'वर पेन ठेवलं. रेघ वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, पण मध्ये कुठे न उचलता शब्दाच्या शेवटापर्यंत पोचली. 'आहे' तेवढं उरलं.

"झालं का?" बाबा बाहेरून म्हणाले. "शेवटी किती वेळा टोचलंस?"

आईने पेनाला टोपण घातलं.

"एकदाच," ती म्हणाली.