एकीकडचेच

कपात चमचा किणकिणला आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. शलाका मघापासून लॅपटॉपपुढे अडकून बसली होती. बाहेरच्या आरोग्य विमा योजना आधीपासूनच्या मधुमेहाला पहिली तीन वर्षं हात लावत नव्हत्या. तिच्या ऑफिसची योजना पहिल्या दिवसापासून सगळा खर्च देत होती, पण त्यात आईवडील घालता येत ते माहेरचे किंवा सासरचे, एकीकडचेच. मधुमेह मात्र आई आणि सासूबाई, दोघींनाही होता. फॉर्मची मुदत आज संपत होती.

“तुझ्या आईचं नाव घाल,” चहा पुढे सरकवत सासूबाई म्हणाल्या. “मला मुलगा आहे. विहीणबाईंना तुझ्यावाचून कोण आहे?”

सकाळी फोनवर आई नेमकं उलटं म्हणाली होती. “खुळेपणा करू नकोस. सासूबाईंचंच घाल. तुला त्या घरात नांदायचंय.”

लेकीच्या, ईराच्या बारशाला पाळण्याला पहिला झोका कुणी द्यायचा, यावरून या दोघी तेव्हा वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. आज एकीनं जरी स्वतःसाठी हट्ट धरला असता, तरी फॉर्म केव्हाच भरून झाला असता.

शलाकाच्या मांडीवरच्या ईरानं सगळं ऐकलं होतं.

“आई, मग कुठल्या आजीनं आजारी पडायचं?”