छपरावरची उडी

दर सोमवारी अमेरिकेतल्या दोन कुस्ती कंपन्यांचे खेळ टीव्हीवर एकाच वेळी लागत. जिचे प्रेक्षक जास्त, तीच टिकणार होती. टल्सा शहरातल्या स्टेडियममध्ये क्लेटन बूट चढवताना पडद्यावर प्रतिस्पर्ध्यांचा खेळ बघत होता. त्यांच्याकडे गेलेला त्याचा जुना जोडीदार व्हर्जिल आखाड्याभोवतीच्या लोखंडी पिंजऱ्याच्या छपरावरून उडी मारून कोसळला. तो उठलाच नाही. क्लेटनच्या कंपनीचा मालक धावत आला. “सगळा देश तिकडे वळलाय! तूही आपल्या पिंजऱ्यावरून उडी घे.” “साहेब, त्याची मान मोडलीय. हे ठरवलेल्या खेळातलं नाही हो.” “म्हणूनच तर बघतायत, लेका!” क्लेटन माईक घेऊन पिंजऱ्याच्या छपरावर चढला. “माझा मित्र आत्ता तिथे मरतोय,” तो म्हणाला. “मी उडी मारणार नाही.” लोकांना वाटलं, हाही ठरवलेला खेळच. हजारो गळ्यांतून आरोळी उठली, “मार उडी!” तो उतरू लागला तसे बिअरचे पेले त्याच्या पाठीवर आदळले.